बुधवारचा क्लास

“पाय आपटू नकोस, कस्तुरी,” मी तिसऱ्यांदा सांगितलं.

तिनं ऐकलं नाही. भिंतीच्या लाकडी दांड्याला एका हातानं धरून ती उजवा पाय उचलत होती आणि फरशीवर असा टाकत होती, की आवाज खालच्या झेरॉक्सच्या दुकानात जावा. आठवा महिना सरत आलेला. बाकीच्या पाच जणी मी शिकवल्याप्रमाणे टाच नुसती टेकवत होत्या आणि चोरून तिच्याकडे बघत होत्या.

“मॅडम, आवाज वाढवा ना,” ती म्हणाली.

“एवढा पुरे.”

“थोडा. थोडासाच.”

मी टेपचा आवाज थोडा वाढवला. तेव्हा ती दांडा सोडून टेपजवळ आली आणि स्पीकरला जवळजवळ पोट टेकवून उभी राहिली. तबला चालू होता. ती तिथंच उभ्या उभ्या पुन्हा पाय मारायला लागली. कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. मला तिचा राग आला. खरं सांगायचं तर भीतीही वाटली, पण त्या वेळी ती रागासारखीच वाटली.

मी टेप बंद केला. तिच्या दंडाला धरून तिला खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं.

“आज तू फक्त बघायचं. उठायचं नाही.”

“मॅडम, मला जरा...”

“क्लास झाल्यावर बोलू.”

क्लास सुटल्यावर शबाना मोमीननं मला दारात गाठलं. तिला पाठीच्या दुखण्यावर काहीतरी विचारायचं होतं. तिला उत्तर देऊन मी वळले तर खुर्ची रिकामी होती.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. इचलकरंजीत येऊन मला बारा वर्षं झाली होती. मिरजेत कथक शिकले, लग्न होऊन इथं आले आणि संध्याकाळी शाळेतल्या मुलींना शिकवायला लागले. गरोदर बायकांचा क्लास ही कल्पना माझी नव्हे, डॉक्टर सुमेधा तेरदाळे यांची. त्यांचा दवाखाना आमच्या गल्लीच्या तोंडाशीच होता. एकदा त्या म्हणाल्या, “वासंती, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पोरी नववा महिना लागेपर्यंत घाबरून बसून राहतात आणि उरलेल्या निम्म्या धुणंभांडी करून मोडतात. त्यांना आठवड्यातून दोन तास नीट श्वास घ्यायला शिकव. नाच म्हण, व्यायाम म्हण, तुला काय म्हणायचं ते म्हण.”

मी तीन महिने त्यांच्याकडे बसून शिकले. गिरक्या नाहीत, उड्या नाहीत, पाय मारणं नाही. पाचव्या महिन्यानंतर उताणं झोपून काही करायचं नाही. नाचता नाचता बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली की लगेच बसायचं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कुणालाही घ्यायचं नाही. हातांच्या हालचाली, मानेच्या, डोळ्यांच्या, सावकाश चालणं, बसून ताल धरणं, एवढंच. बुधवारी आणि शनिवारी, अकरा ते बारा. गावात हसणारे हसले. पोटुशा बायका नाचणार म्हणे! पण वर्षभरात वीस-बावीस जणी येऊन गेल्या, सगळ्या नीट बाळंत झाल्या, आणि हसणं कमी झालं.

कस्तुरी खारगे त्यातली सगळ्यात मुकी. तेवीस वर्षांची, माहेर जतकडचं. नवऱ्याचे आठ यंत्रमाग घराच्या मागच्या बाजूलाच होते. पहिल्या दिवशी तिचा नवरा महांतेश तिला सोडायला आला होता. खाली मान घालून म्हणाला, “आईला पसंत नाही, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या म्हणून.” कस्तुरी कधी प्रश्न विचारायची नाही, चुकायची नाही, आवाज तर तिच्या पावलांचा कधी यायचाच नाही. तीच त्या दिवशी फरशी फोडायला निघाली होती. मला काही कळेना.

चार वाजता दवाखान्यातून फोन आला. नर्स म्हणाली, “मॅडमनी बोलावलंय. लगेच या.”

दवाखान्याच्या पॅसेजमध्ये बाकावर एक साठीची बाई बसली होती. हिरवं इरकल नेसलेली, कपाळावर विभूती. मला बघून ती उठली.

“तुमीच काय ओ त्या नाचाच्या मॅडम?”

“हो. काय झालंय?”

“काय झालंय मलाच इचारतासा? आट म्हैन्याची पोटुशी बाई. तिला नाचवलासा तुमी. तुमच्याकडनं सरळ हितं चालत आली पोरगी. डॉक्टरीण म्हणतीया, बाळाचं काळीज ऐकू येईना.” तिचा आवाज तिथं फुटला. “टोपडं शिवून ठेवलोय मी. दोन टोपडी शिवून ठेवलोय.”

ही निलव्वा, कस्तुरीची सासू. मी भिंतीला टेकले. डोक्यात एकच चालू होतं: तिनं पाय आपटले. मी तिसऱ्यांदा सांगेपर्यंत तिनं पाय आपटले. पहिल्यांदाच का नाही टेप बंद केला मी?

आत गेले तर कस्तुरी कुशीवर पडली होती. महांतेश पायथ्याशी उभा होता. माझ्या मागोमाग निलव्वाही आत आली.

“सांग, सांग त्यास्नी. नाचताना दुखाय लागलं न्हवं तुला?”

कस्तुरीनं माझ्याकडे बघितलं. तिच्या बघण्यात काय होतं ते मी नंतर कितीतरी वेळा आठवून बघितलं. तक्रार नव्हती. माफी मागतेय असंही वाटलं नाही. मग तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. ना हो म्हणाली, ना नाही.

महांतेश म्हणाला, “आई, बाहेर चल.”

दुसऱ्या दिवशी पहाटे ती मोकळी झाली. मुलगा होता.

शुक्रवारी दुपारी डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बसवलं आणि दार लावलं. दोन दिवस मी जेवले नव्हते. डोळे सुजलेले. मी म्हणाले, “मॅडम, मी क्लास बंद करते. मला पोलिसात द्यायचं तर द्या.”

“वेड्यासारखं बोलू नकोस,” त्या म्हणाल्या. “पेशंटचं तुला सांगायला नको, पण तू अशी बसलीस म्हणून सांगते. तुझ्या क्लासचा काही संबंध नाही. बुधवारी ती माझ्याकडे आली तेव्हा बाळ जाऊन दोन दिवस झाले होते.”

“दोन दिवस?”

“जन्मल्यावर कातडीवरून कळतं. मला काडीची शंका नाही. नाळेला गाठ बसली होती, घट्ट.”

“मग तिला कळलं नसेल?”

डॉक्टर पेपरवेट फिरवत राहिल्या. “आठव्या महिन्यात दोन दिवस पोटात हालचाल नाही आणि बाईला कळत नाही, असं कमी होतं. मी तिला विचारलं. ती बोलत नाही.”

“ती लगेच आली असती तर?”

“माहीत नाही. कधी वाचतं, कधी नाही. गाठ कधी आवळली कुणाला ठाऊक. हे मी तिच्या नवऱ्याला सगळं सांगितलंय. तो घरी सांगेल. तू जाऊन जेव.”

मी घरी येऊन जेवले. भात कालवताना मला रडू आलं, ते सुटल्याचं होतं. आणि मग हात तसाच ताटात राहिला. दोन दिवस तिला माहीत होतं. माहीत असूनही ती दवाखान्यासमोरून चालत माझ्या क्लासला आली आणि नाचली. का? माझ्या अंगावर ढकलायला? ती तसली नव्हती. पण तसली म्हणजे कसली, हे तरी मला काय माहीत होतं? पाच महिन्यांत ती माझ्याशी वीस वाक्यं बोलली असेल.

शनिवारी मी क्लास घेतला नाही. संध्याकाळी महांतेश आमच्या घरी आला. माझे यजमान सुहास शाळेच्या सहलीबरोबर गेले होते. तो खुर्चीच्या कडेवर बसला. शर्टाच्या खिशाला कापसाची तूस चिकटलेली होती.

“मॅडम, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्हाला सांगितलंय.”

“हो.”

“मी आईला सांगितलेलं नाही.”

“का?”

“आईला कळलं की दोन दिवस आधीच... तर ती कस्तुरीला जन्मभर सोडणार नाही. माझी थोरली वहिनी अशीच बोलण्यानं घर सोडून गेली. आई वाईट नाही, पण तिचं तोंड थांबत नाही. कस्तुरी आत्ताच जेवत नाही, बोलत नाही. हे तिच्यावर आलं तर ती राहायची नाही, मॅडम.”

“मग?”

“आईला वाटतंय ते तसंच वाटू द्या.”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. “काय वाटू द्या?”

“की नाचण्यानं झालं.” त्यानं हात जोडले. “थोडे दिवस. मी तुमच्या पाया पडतो.”

“अहो, गावात माझं नाव आहे. पाच जणी येतात, त्यांना काय सांगू?”

“काही सांगू नका. फक्त गप्प राहा. चार-सहा महिन्यांत मी आईला सांगेन. माझी शपथ.”

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. चहा ठेवते म्हणून आत गेले आणि गॅसपाशी उभी राहिले. चहा घेऊन बाहेर आले तर तो गेला होता. माझ्या गप्प राहण्याचा त्यानं होकार धरला होता, आणि त्याच्यामागे धावत जाऊन “नाही” म्हणायला मी बाहेर पडले नाही.

पुढच्या बुधवारी तिघी जणीच आल्या. शबाना होती, आणि आणखी दोघी, एकमेकींना धरून आलेल्या. मी टेपला हात लावणार तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. निलव्वा धापा टाकत दारात उभी राहिली. तिच्यामागे शेजारच्या दोन बायका.

“ह्या बघा,” ती त्या तिघींना म्हणाली, “तुमीबी कुणाच्या तरी सुना हाय. माझी सून ह्याच फरशीवर नाचली आन् घरला रिकाम्या वटीनं आली. ह्या बाईला, तिला नाचीव म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. पोट काय खेळायची वस्तू हाय? सांगा की ओ मॅडम, सांगा. झालं का न्हाई हितं?”

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. एक वाक्य पुरे होतं. “बाळ दोन दिवस आधीच गेलं होतं, डॉक्टरांना विचारा.” ते माझ्या तोंडात तयार होतं. मी त्या बाईकडे बघितलं. तिच्या गळ्यातला लिंग ठेवायचा चांदीचा करंडा श्वासाबरोबर वरखाली होत होता. पुढं काय होईल ते मला दिसलं: ही बाई जिना उतरेल, घरी जाईल आणि भिंतीकडे तोंड करून पडलेल्या त्या पोरीसमोर उभी राहील.

“मॅडम, बोला ना काहीतरी,” शबाना हळूच म्हणाली.

मी बोलले नाही.

निलव्वा एक पाऊल पुढं आली. तिला बहुतेक भांडण हवं होतं. मग ती वळून गेली. एकमेकींना धरून आलेल्या त्या दोघीही पिशव्या उचलून तिच्यामागून उतरल्या. शबाना शेवटी राहिली. तिचे डोळे भरले होते.

“म्हणजे खरं आहे का, मॅडम?”

“तू डॉक्टरांना भेट,” मी म्हणाले. “तू घाबरू नकोस. तुझं सगळं ठीक आहे.”

“मी तुम्हाला विचारतेय.”

मी टेपची वायर गुंडाळत राहिले. तीही गेली.

डॉक्टर माझ्यावर चिडल्या. इतक्या चिडलेल्या मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. “तुझं नाव तू घाल चुलीत, मला काही नाही. पण गावातली प्रत्येक पोटुशी आता पाऊल उचलायला भिणार. हा अधिकार तुला कुणी दिला? मला तर पेशंटचं बाहेर बोलता येत नाही. तू तरी बोलायचंस!” त्या म्हणत होत्या ते बरोबर होतं. महांतेश म्हणाला होता तेही मला चूक म्हणता येत नव्हतं. सुहास परत आल्यावर मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “तू त्या मुलीला वाचवायला गप्प बसलीस, की भांडणाला घाबरून?” याचं उत्तर मला आजही देता येईल असं वाटत नाही.

संध्याकाळच्या मुलींपैकीही निम्म्या कमी झाल्या. आयांनी कारणं वेगवेगळी दिली. चार महिने गेले, सहा गेले, वर्ष गेलं. महांतेश काही आला नाही. बाजारात एकदा लांबून दिसला, त्यानं गल्ली बदलली. त्या दिवशी मी घरापर्यंत स्वतःशी मोठ्यानं बोलत आले. उद्या जाते, उंबऱ्यात उभी राहते आणि सगळं सांगते. उद्या गेले नाही. परवाही नाही. मग वाटायला लागलं, आता सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार? आणि विचित्र म्हणजे, कधी कधी मलाच वाटायचं की निलव्वा म्हणते तेच खरं असेल. डॉक्टरांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल. स्वप्नात मला फरशीवर पडणारी पावलं ऐकू यायची.

अडीच वर्षांनी, दिवाळी होऊन गेल्यावर, एका सकाळी मी रिकामा हॉल झाडत होते. दारात कुणीतरी उभं होतं. पदर पुढून घेतलेला. पोट दिसत होतं, पाचवा महिना असावा.

“मॅडम, क्लास चालू आहे का?” कस्तुरीनं विचारलं.

हातातली केरसुणी तशीच धरून मी उभी राहिले. “नाही,” मी म्हणाले. “अडीच वर्षं बंद आहे.”

“मला माहीत नव्हतं.”

“तुला माहीत नव्हतं?” माझा आवाज चढला. “तुझ्या सासूबाई इथं येऊन गेल्या. सगळ्या गावाला माहीत आहे, आणि तुला माहीत नव्हतं?”

“आई इथं आलेल्या ते मला परवा कळलं.” ती आत आली आणि खिडकीपाशी जमिनीवरच बसली. “सगळंच परवा कळलं. मी बसून सांगू का?”

मी खुर्ची पुढं सरकवली. ती उठली नाही. मग मीच तिच्यासमोर फरशीवर बसले.

“रविवारी रात्रीनंतर ते हललं नाही,” ती म्हणाली. “सोमवारी दुपारी मी ह्यांना सांगितलं. हे मागावर होते. म्हणाले, गुरुवारी दाखवायचंच आहे, दोन-तीन दिवसांचा प्रश्न, झोपलं असेल. मंगळवारी मी परत म्हटलं. तेव्हा ओरडले. त्यांचंही चुकलं असं नाही, त्यांना वाटलं मी उगाच भिते. मी भितेच सगळ्याला. मग मी गप्प बसले.”

“तूच सांगितलं होतंस?” मी म्हणाले. “दोनदा?”

“दोनदा.”

मला महांतेशचे जोडलेले हात आठवले. ‘हे तिच्यावर आलं तर ती राहायची नाही.’ कुणावर आलं तर? मी इतके दिवस कुणाला पाठीशी घातलं होतं?

“मग बुधवारी तू माझ्याकडे कशाला आलीस? दवाखाना वाटेतच होता.”

“घरात मागाचा आवाज चोवीस तास,” ती म्हणाली. “त्या आवाजात ते झोपायचं. पण इथं तबला लागला की हलायचं. दर वेळेला. पहिल्या ठोक्याला. मी कुणाला सांगितलं नव्हतं, मला हसतील म्हणून. मला वाटलं, तबल्याला उठेल. उठलं नाही तर मग जाऊ दवाखान्यात.” तिनं पदर तोंडाला लावला. “मी पाय आपटले म्हणून तुम्ही रागावला. मला वाटलं, फरशी हलली तर तरी उठेल.”

आवाज वाढवा, ती म्हणाली होती. स्पीकरला पोट टेकवून उभी होती. आणि मी तिला दंडाला धरून खुर्चीत बसवलं होतं.

“तू मला सांगायला लागली होतीस,” मी म्हणाले. “मी म्हटलं, क्लास झाल्यावर.”

“हो.”

तिनं मला सोडवायला काही म्हटलं नाही. ‘असू दे’ म्हणाली नाही. मला ते बरं वाटलं.

“मला वाटायचं, तुम्हाला काहीच माहीत नाही,” ती म्हणाली. “तुम्ही स्वतःलाच दोष देत असाल. मला सांगायचं होतं, पण सांगितलं तर ह्यांचं नाव येणार. मग तुमच्या गल्लीनं यायचंच बंद केलं. परवा मी घरात म्हटलं, ह्या खेपेला मला त्या क्लासला जायचंय. आई उसळल्या. तेव्हा माझ्या तोंडून सगळं निघालं. हे तिथंच होते. मग हे म्हणाले, ते तुमच्या घरी आले होते, हात जोडून गेले होते. म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं आणि तुम्ही...” ती थांबली. “मॅडम, तुम्ही का गप्प बसला?”

“मला वाटलं, तुझ्यासाठी.”

“मला कुणी विचारलंच नाही,” ती म्हणाली.

खाली रिक्षाचा हॉर्न वाजला. कस्तुरी दचकली. “आई बसल्यात खाली. दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. आज सकाळी नेसून तयार झाल्या आणि म्हणाल्या, चल. पण वर यायला तयार नाहीत.”

मी उतरले. निलव्वा रिक्षाच्या आडव्या दांडीला धरून बसली होती. अडीच वर्षांत बारीक झाली होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, समोर ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत म्हणाली, “त्या दिशी मी येवढं बोललो, तवा तुमाला ठावं होतं?”

“होतं.”

“मग माझ्या तोंडावर का मारलासा न्हाई?”

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. ते खरं होतं.

“मी आसतो तर बोललो आसतो.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “पोरगी घरात सांगत हुती. दोन दिस सांगत हुती. मी त्याच घरात हुतो. पलीकडच्या खोलीत टोपडं शिवत बसलो हुतो.” मग पहिल्यांदा तिनं माझ्याकडे मान वळवली. “क्लास परत काढतासा?”

“कुणी येणार नाही आता.”

“ही येणार. आन् मी येणार हिच्यासंगं. गल्लीत काय बोललो ते मीच निस्तरतो, तुमी त्याची काळजी करू नगासा.”

मी म्हणाले, डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. ती म्हणाली, वाटेतच हाय की दवाखाना, आत्ताच आणतो.

कस्तुरीची मुलगी आता आठवीत आहे. निलव्वा चार वर्षांपूर्वी गेली. महांतेशला मी त्यानंतर लग्नाकार्यात भेटत राहिले. तो नमस्कार करतो, मीही करते. त्याच्याबद्दल मला नक्की काय वाटतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. क्लास पुढं नऊ वर्षं चालला. पहिली बाई शबानानंच पाठवली, तिची धाकटी जाऊ.

पण मला आठवतो तो पुन्हा सुरू झालेला पहिला बुधवार. अकरा वाजले होते. हॉलमध्ये एकटी कस्तुरी, दांड्याला धरून उभी. निलव्वा दाराशी खुर्चीवर. मी टेपच्या बटणावर बोट ठेवलं.

“थांबा,” निलव्वा म्हणाली. मग सुनेकडे वळून, “आज हललं का?”

“सकाळी हललं, आई.”

“सकाळचं नगो सांगू. आत्ता.”

कस्तुरीनं माझ्याकडे बघितलं. मी बटणावरचं बोट काढून घेतलं. तिनं दांडा सोडला, जमिनीवर बसली आणि पोटावर दोन्ही हात ठेवले. आम्ही तिघीही थांबलो. खाली झेरॉक्सचं यंत्र चालू झालं, बंद झालं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. निलव्वा खुर्चीत पुढं झुकली होती. मला माझाच श्वास ऐकू येत होता, आणि मला वाटलं, आता नाही हललं तर आपण तिघी उठून दवाखान्याकडे चालायला लागू, चप्पलही घालणार नाही.

कस्तुरीचा चेहरा बदलला.

“हं,” ती म्हणाली.

“हं म्हंजे काय? नीट सांग.”

“हललं, आई.”

निलव्वा खुर्चीत मागं टेकली. “लावा आता,” ती मला म्हणाली.